‘किम जी-यंग, बॉर्न १९८२’ : गप्प बाईचे उसने आवाज

चो नाम-जू यांची ही छोटेखानी कादंबरी दक्षिण कोरियात २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तेथे दोनच वर्षांत तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. जेमी चँग यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०२० मध्ये आला. हे परीक्षण त्याच अनुवादाचे आहे. पितृसत्ता नाकारणारी नायिका म्हटल्यावर भर सभेत सुनावणारी किंवा घर सोडून निघून जाणारी बाई ज्यांना अपेक्षित असते, त्यांची येथे बहुधा निराशा होईल, कारण जी-यंग आयुष्यभर बहुतेक प्रसंगी गप्पच बसते.

मुलीच्या जन्मानंतर नोकरी सोडून घरी राहिलेली, तेहेतिशीतली ही बाई २०१५ च्या शरद ऋतूत अचानक दुसऱ्या बायकांच्या आवाजात बोलू लागते. चुसॉक या सुगीच्या सणाला बुसानच्या सासरी स्वयंपाकघरात राबून झाल्यावर ती सासूसासऱ्यांशी चक्क स्वतःच्या आईच्या तोंडाने बोलते आणि विचारते की, तुमची लेक सणाला माहेरी येते, तर आमच्या लेकीलाही आमच्याकडे धाडायला नको का? दिवाळीत माहेरी कधी जायचे यावरून ज्या घरांत धुसफूस होते, तेथे हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. मला लेखिकेची खरी हिंमत येथे दिसते: नायिकेच्या तोंडी एकही जोशपूर्ण भाषण न घालता, जे सून म्हणून बोलता येत नाही ते विहीणबाईंच्या अधिकाराने बोलायला लावायचे. घरच्यांना मात्र तो आजार वाटतो.

पुढची सगळी कहाणी, म्हणजे धाकट्या भावाला आधी मिळणारा घास, शाळेच्या हजेरीपटावर आधी येणारे मुलांचे क्रमांक, कचेरीतल्या स्त्रियांच्या स्वच्छतागृहात सापडलेला छुपा कॅमेरा, हे सारे तिच्यावर उपचार करणाऱ्या पुरुष मानसोपचारतज्ज्ञाच्या टिपणासारखे, कोरड्या भाषेत आणि तळटीपांतील आकडेवारीसह आपल्यापुढे येते. सुरुवातीला हा कोरडेपणा मला खटकला. पण शेवटच्या पानांत हेच समंजस डॉक्टर आपल्या दवाखान्यातील रिकाम्या होणाऱ्या जागेचा जो विचार करतात, तो वाचल्यावर निवेदक पुरुष का निवडला हे उमगते. त्याला सगळे कळलेले असते आणि तरीही तो बदलत नाही.

या रचनेची किंमतही मोजावी लागली आहे. लेखिकेने नायिकेसाठी त्या पिढीतले अगदी सर्रास आढळणारे नाव मुद्दाम निवडले. पण सर्वांची प्रतिनिधी होता होता जी-यंगला स्वतःचा विनोद, हट्ट, एखादा दुर्गुण उरतच नाही. त्या मानाने तिची आई मिसूक कितीतरी जिवंत वाटते. भावांच्या शिक्षणासाठी सोलमधल्या कापड कारखान्यात खपलेली, तिसऱ्या वेळी पोटात मुलगी आहे हे कळल्यावर गर्भपात करून घ्यावा लागलेली ही बाई पुढे स्वतःच्या हिशेबी डोक्यावर घर वर आणते, आणि नोकरी न मिळाल्याने खचलेल्या लेकीला बाप लग्नाचा सल्ला देतो तेव्हा चमचा आपटून त्याला झापते. कादंबरी तिची असती तर मला अधिक आवडली असती.

तळटीपा वगळून वाचण्याचा मोह होईल, पण तो टाळावा. घराचा कायदेशीर प्रमुख पुरुषालाच मानणारी ‘होजू’ पद्धत कोरियात २००८ मध्ये संपली, आणि १९९० मध्ये तेथे जन्मणाऱ्या दर शंभर मुलींमागे सुमारे ११६ मुलगे होते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्येच कायदा करावा लागलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला मिसूकच्या त्या गर्भपाताचा प्रसंग परदेशातला वाटणार नाही.