बीड जिल्ह्यातल्या केज-धारूर भागातल्या झेडपी शाळा : लेकरू कुठं घालायचं हे ठरवताना काय बघितलं ते

मुलीला यंदा पहिलीत घालायचं होतं म्हणून आमच्या भागातल्या झेडपीच्या शाळा मी जाऊन बघितल्या, वर्गात बसून बघितल्या. इंग्लिश स्कूलचे फ्लेक्स चौकाचौकात दिसतात, त्यांच्याबद्दल लोक भरभरून बोलतात, पण झेडपीच्या शाळेबद्दल कोणी नीट लिहीत नाही, सगळ्या एकाच माळेचे मणी असल्यासारखं धरून चालतात. तसं अजिबात नाहीये. एकाच केंद्रातल्या, तीन-चार किलोमीटरवरच्या दोन शाळांत जमीन-अस्मानाचा फरक बघितलाय मी. शाळांची नावं मुद्दाम देत नाही कारण झेडपीची शाळा म्हणजे तिथले गुरुजी, आणि गुरुजींची बदली झाली की पुढच्या जूनमध्ये तीच शाळा वेगळी असू शकते, नाव वाचून कोणी डोळे झाकून लेकरू घालू नये. तुमच्या गावात काय बघायचं ते कळावं म्हणून लिहायलेय.

जायच्या आधी मोबाईलवर यूडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीची, माहिती बघून घ्या. प्रत्येक शाळेला 11 आकडी कोड असतो, आपल्या राज्यातल्या शाळांचा 27 ने सुरू होतो, तो टाकला की वर्ग खोल्या किती, शिक्षक किती, पट किती, संडास-पाणी आहे का सगळं येतं. पण ही माहिती शाळेनंच भरलेली असते त्यामुळं कागदावर दोन संडास असले तरी जाऊन दार उघडून बघा. मी बघितलं. आईनं पहिलं हेच बघावं असं माझं स्पष्ट मत आहे, पाणी आहे का आणि आतून कडी लागते का. आमच्या भागात किती पोरी सहावी-सातवीनंतर शाळेला दांड्या मारतात त्याचं कारण घरात विचारा, बऱ्याच वेळा हेच निघतं.

पहिली शाळा आमच्याच गावची, चौथीपर्यंत, दोन खोल्या, दोन शिक्षक. बाहेरून बघितली तर कोणी आत जाणार नाही. रंग उडालेला, एका खोलीचा पत्रा गळतो त्यामुळं पावसात सगळी लेकरं एकाच खोलीत. आमच्या आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, तर ठाम मत होतं की इथं घालायचं नाही, गल्लीतली सगळी लेकरं टाय लावून व्हॅननं जातात आणि आपलीच कामून पायी जाईल. मी म्हटलं आधी बघू तर द्या.

गेले तर पहिली-दुसरी एका बाजूला मण्यांच्या माळा घेऊन बसलेली, तिसरी-चौथी दुसऱ्या बाजूला लिहायलेली. सरांना म्हटलं मला लेकरांचं वाचन बघायचंय. त्यांनी काय करावं, "ताई, तुम्हीच विचारा, मी बाहेर थांबतो" म्हणाले आणि खरंच ओट्यावर जाऊन उभे राहिले. मी पिशवीतला पेपर काढला, पावसाची बातमी होती, तिसरीतल्या एका पोरीला दिला. तिनं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली, चांगलं सलग वाचत होती, मधी एका ठिकाणी थांबली, बा... ष्प... बाष्प, असं फोडून वाचलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली "बाष्प म्हंजी काय ओ?" मी सांगायच्या आत बाहेरून सरांचा आवाज आला, "खिचडीच्या पातेल्यावरचं झाकण काढलं की आतून काय असतंय गं?" सगळा वर्ग एका सुरात "पाणी!" आणि तिला कळलं, पुढं वाचायला लागली. मला त्या क्षणीच शाळा आवडली होती खरं सांगायचं तर.

तरी गणित पण बघितलं. दुसरीतल्या एका पोराला 52 वजा 27 करायला दिलं. त्यानं काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडल्या, सात काढायच्या म्हणून एका गठ्ठ्याचं रबर सोडलं, बारा सुट्या झाल्या, त्यातून सात बाजूला, मग दोन गठ्ठे बाजूला. 25. हातचा म्हणजे काय हे त्या पोराला हातानं माहिती आहे. माझ्या ओळखीत इंग्लिश मीडियमची पाचवीतली पोरं आहेत ज्यांना वजाबाकी येते पण तो एक कुठून आला विचारलं की गप्प बसतात.

उणं पण सांगते, लपवायचं काय. दोघांपैकी एक शिक्षक ट्रेनिंगला किंवा रजेवर गेले की चार वर्ग एकाच माणसाच्या गळ्यात. हापशावरून पाणी आणून टाकीत भरतात, त्यामुळं संडास स्वच्छ असतो पण कधी कधी पाणी संपलेलं असतं. आणि सगळ्यात मोठी अडचण दिवाळीनंतरची. आपला भाग ऊसतोडीचा, कोयता घेऊन आईबाप पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर निघाले की पोरं पण संगं जातात आणि बघता बघता वर्ग अर्धा होतो. त्याच्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, लेकरं गावातच आजीपाशी, चुलत्यापाशी राहतात आणि जेवणाची सोय त्या योजनेतून होते, पण ते वेळेवर सुरू झालं तरच उपयोग, टोळी निघून गेल्यावर सुरू करून काय फायदा, लेकरू तर ट्रॅक्टरमध्ये बसून गेलेलं असतं. म्हणून कोणतीही शाळा बघायची तर जूनमध्ये प्रवेशोत्सवाला फुगे लावलेले असताना बघू नका, डिसेंबर-जानेवारीत जाऊन बघा. आमच्या सरांनी मार्चमध्ये परत आलेल्या लेकरांसाठी वेगळा तास ठेवलेला मी स्वतः बघितलाय, फळ्याच्या खाली कोपऱ्यात त्यांची नावं लिहिलेली होती आणि नावापुढं काय काय राहिलं ते.

दुसरी शाळा रोडवरच्या मोठ्या गावची, सातवीपर्यंत. दिसायला एकदम झकास, भिंतीवर रेल्वेचे डबे रंगवलेले, पेव्हर ब्लॉक, बाग, सेमी इंग्रजी, डिजिटल वर्ग. गावानं लोकवर्गणी काढून हे उभं केलंय आणि त्या गावाचं मनापासून कौतुक आहे. पण डिजिटल खोलीला कुलूप होतं, चावी कुणाकडं ते लवकर कळेना, उघडली तर प्रोजेक्टरवर फडकं आणि फडक्यावर धूळ. चौथीला कायम शिक्षक नाही म्हणून दोन वर्ग जोडलेले. तिथल्या लेकरांनी झालेला धडा धडाधड म्हणून दाखवला, मी पुढचा न झालेला धडा काढून दिला तर "प्रश्न" आणि "वस्त्र" ह्या शब्दांवर गाडी अडली. पोरं हुशार आहेत हो, डोळ्यात दिसतं, पण बसून वाचून घेणारं कोणी नाही. सेमीचं पण तेच, वहीत सगळं इंग्रजीत लिहिलंय, अॅडिशन म्हणजे काय रे म्हटलं तर एकमेकांकडं बघायला लागली. वरच्या वर्गांना आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं सहावी ते आठवीला गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्र आणि भाषा ह्यांना निदान एकेक शिक्षक पाहिजे, इथं गणित-विज्ञानाची जागाच रिकामी. आणि बरेचसे शिक्षक अपडाऊन करणारे, साडेचारच्या गाडीवर नजर. त्यांना एकट्यालाच दोष देत नाही, गावात भाड्यानं धड खोली मिळत नाही, वरून मतदार यादीचं काम, सर्व्हे, ऑनलाइन माहिती रोज मागणार, शिकवायचं कधी. पण शेवटी नुकसान लेकराचंच होतंय ना.

खिचडी मात्र तिथली छान होती, गरम, मटकी घातलेली, स्वयंपाकीण मावशी मायेनं वाढणारी. पाचवीपर्यंतच्या लेकराला रोज 100 ग्रॅम आणि वरच्यांना 150 ग्रॅम तांदूळ धरलेला असतो, पालकांनी कधीतरी मधल्या सुट्टीत जाऊन ताट बघावं, कोणी अडवत नाही.

तिसरी तालुक्याच्या गावातली. मोठा पट, वर्गाला एक शिक्षक, प्रशाला म्हणजे झेडपीचं हायस्कूल पण जवळच त्यामुळं दहावीपर्यंतची चिंता नाही. इथं स्कॉलरशिप आणि नवोदयच्या (केंद्र सरकारची निवासी शाळा) प्रवेश परीक्षेचे जादा तास घेतात, सकाळी लवकर, फी नाही. नवोदयला जिल्ह्याला सहावीत 80 जागा, त्यातल्या 75 टक्के ग्रामीणच्या, म्हणून खेड्यातल्या लेकराला खरी संधी आहे, आणि पेपरात अर्धे मार्क बुद्धिमत्तेला असल्यानं सराव लागतोच. पाचवीच्या वर्गात बसले तेव्हा मॅडम पोरांना उत्तर कसं काढलं ते उभं राहून सांगायला लावत होत्या, चुकलं तरी ओरडत नव्हत्या, हे लई आवडलं. अडचण एकच, पहिलीच्या लेकराला जीपमध्ये कोंबून हायवे ओलांडून पाठवायचं माझ्याच्यानं होणार नाही.

व्हॅनवाल्या इंग्लिश स्कूलचं थोडक्यात. आमच्या भागातल्या बऱ्याच ठिकाणी शिकवणाऱ्या पोरी बारावी नाहीतर बीए झालेल्या, पगार तुटपुंजा, वर्षात दोनदा बदलतात. झेडपीचे गुरुजी डीएड करून आलेले असतात, अलीकडं लागलेले तर टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पण पास झालेले. फी, व्हॅन, ड्रेस आणि वरून ट्यूशन, एवढं करून लेकराला मराठी पेपर वाचता येत नसेल तर पैसे कशाचे देतोय हे आईबापांनी शांतपणे बघावं. काही शाळा चांगल्या असतील, पण वाचायला लावून बघा, तिथं पण बघा.

तर आम्ही चौथीपर्यंत गावची शाळा आणि पाचवीपासून तालुक्याची असं ठरवलंय. गावच्या शाळेला पाचपैकी साडेचार देईन, अर्धा पत्र्याचा कापला. रोडवरच्या शाळेला अडीच, शिक्षक मिळाले तर चार होतील. तालुक्याच्या शाळेला चार.

आत्याबाई अजून पूर्ण खूश नाहीत, पण परवा नातीनं त्यांना पंचांगातला वार वाचून दाखवला तेव्हापासून व्हॅनचा विषय निघाला नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत मी नाव दिलंय. समितीत 75 टक्के पालक असतात आणि एकूण निम्म्या बायका पाहिजेत, आपल्याकडं बायकांची नावं कागदावर असतात आणि सह्या घरी येऊन घेतात, ते बंद करायचं बघतोय आम्ही चारचौघी. पहिला विषय गळका पत्रा, दुसरा हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव दिवाळीच्या आधी जाईल एवढं बघायचं.

अजून एक, ज्यांचं ठरायचंय त्यांनी 30 सप्टेंबरच्या आत नाव घाला. त्या तारखेचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला शिक्षक किती मिळणार ते. कायद्यात 60 लेकरांपर्यंत दोन शिक्षक आणि 61 झाली की तिसरा असं आहे, आमच्या शाळेचा पट आत्ता त्याच्या जरासाच खाली आहे. शेजारच्या दोन घरांनी व्हॅन बंद करून लेकरं आणलीत, वस्तीवरच्यांशी बोलणं चालू आहे, त्यांना म्हटलंय एक दिवस येऊन वर्गात बसा, सर अडवणार नाहीत.