डीसेक-२ : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आरएनए-सेक म्हणजे आरएनएचे तुकडे वाचून कोणतं जनुक किती सक्रिय आहे ते मोजणं. त्यातून सक्रियता बदललेली जनुकं शोधायला डीसेक-२ हे सॉफ्टवेअर पॅकेज आठ महिने सतत वापरलं. मत आधीच सांगायचं तर, जीवाजीवांतला नैसर्गिक फरक ते उत्तम हाताळतं. फक्त तो फरक नमुन्यांत उतरलेला हवा.

सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. ३ उंदीर, प्रत्येकाच्या आरएनएच्या २ लायब्ररी (वाचनासाठी तयार केलेले संच), म्हणजे तक्त्यात ६ रकाने. ते सहाही स्वतंत्र म्हणून दिले, तर डिस्पर्शन (नमुन्यानमुन्यांतल्या फरकाचं माप) खोटंच कमी येतं आणि बदललेल्या जनुकांची यादी फुगते. ‘कोलॅप्स-रेप्लिकेट्स’ हे फंक्शन वापरून एकेका उंदराच्या काउंट्सची (दर जनुकाच्या मोजलेल्या तुकड्यांची) बेरीज करून घ्यायची. वेगळ्या उंदरांची बेरीज मात्र कधीच नाही.

रीड्स (वाचलेले तुकडे) वाढवूनही हे भागत नाही. एखाद्या जनुकाचा सरासरी काउंट १००० असेल, तर निव्वळ मोजणीतली अनिश्चितता साधारण ३ टक्के. त्याचं डिस्पर्शन ०.१६ असेल तर वर्गमूळ ०.४, म्हणजे नमुन्यानमुन्यांत ४० टक्के चढउतार. रीड्स दुप्पट केल्या तरी हे ४० टक्के जागचे हलत नाहीत. पैसा नमुन्यांवरच घालावा. यीस्टच्या ४८ प्रती (एकाच गटातले स्वतंत्र नमुने) वापरून २०१६ साली झालेल्या अभ्यासाने दर गटाला निदान ६ प्रती सुचवल्या, आणि ते पटतं.

३ प्रतींवर एकट्या जनुकाचं डिस्पर्शन भरवशाचं नसतं, म्हणून पॅकेज सगळ्या जनुकांवरून डिस्पर्शनचा वक्र बसवून अंदाज त्याकडे ओढतं. वक्राच्या फार वर असलेल्यांना ओढत नाही, हे फार आवडलं.

बॅच (कोणते नमुने एकत्र हाताळले ते) माहीत असेल तर पॅकेजला द्यायचं सूत्र ‘~ बॅच + उपचार’. एकाच रुग्णाचे आधीचे-नंतरचे नमुने असतील तर ‘~ रुग्ण + उपचार’. सगळे कंट्रोल एका दिवशी आणि सगळे उपचारित दुसऱ्या दिवशी काढले असतील, तर ‘फुल रँक नाही’, म्हणजे दिवस आणि उपचार वेगळे करता येत नाहीत, अशी एरर येते. तेव्हा सूत्रातून बॅच काढून टाकली की एरर जाते, पण दिवसाचा फरक उपचाराच्या नावावर चढतो. यावर इलाज नाही, प्रयोग पुन्हा मांडावा लागतो.

काही जनुकांपुढे पी-व्हॅल्यूऐवजी (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता सांगणारा आकडा) ‘एनए’, म्हणजे ‘उपलब्ध नाही’, दिसतं. गटात ३ ते ६ प्रती असताना एखादा काउंट फारच वेगळा पडला की असं होतं. ७ किंवा जास्त असतील तर तो काउंट बदलून गणित पुन्हा होतं. अशा जनुकांचे मूळ काउंट्स ‘प्लॉट-काउंट्स’मध्ये एकेक करून बघावेत, कारण कधी कधी तो एकच प्राणी खरोखर आजारी असतो.