गंजून बसलेला सायलेन्सर, ब्युटेन टॉर्च आणि तांब्याची पेस्ट: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

पंपाच्या इंजिनाच्या सायलेन्सरचे जाम नट सोडवायला मी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून तीन वस्तू आणल्या होत्या: गंजात झिरपणारा स्प्रे, हातात मावणारी ब्युटेन टॉर्च आणि तांब्याची अँटी-सीझ पेस्ट, म्हणजे आटे जाम होऊ न देणारी. मे महिन्यात त्या वापरल्या, मधे अख्खा पावसाळा गेला आणि दिवाळीनंतर तेच नट पुन्हा खोलून बघितले. पैसे एकाच वस्तूवर घालायचे असतील तर पेस्टवर घाला, असं मी आता खात्रीने सांगतो.

इंजिन आहे कुर्ल्यातल्या आमच्या सोसायटीच्या पाणी उपसायच्या पंपाचं. १६३ सीसी, होंडाच्या जीएक्स१६० जातीचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं आणि त्यानंतर सोसायटीने हा पंप घेतला. वर्षातला बहुतेक काळ तो जिन्याखाली पडून असतो. चालत्या इंजिनाची ऊब सायलेन्सरमधला ओलावा तरी उडवून लावते, पडून राहिलेल्याला तेवढंही नशिबात नाही. सायलेन्सर खालून सच्छिद्र झाला होता आणि इंजिनाच्या डोक्याजवळच्या (हेडजवळच्या) जॉइंटमधून धूर मारत होता. हा धूर साधा नाही. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि पंप चालतो तो तळमजल्यावरच्या घरांच्या खिडक्यांपाशी. म्हणून ‘चालतंय तोवर चालू दे’ हे मला मान्य नव्हतं.

सायलेन्सर धरून ठेवतात ते ८ मिलिमीटरच्या स्टडवरचे (हेडमध्ये पक्क्या बसवलेल्या, आटे पाडलेल्या दांड्यांवरचे) दोन नट, १२ नंबरच्या पान्याचे. नट आणि स्टड दोन्ही लोखंडी. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आट्यांमधली फट तो गच्च भरून टाकतो. स्टडचं दुसरं टोक ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये आहे. खाऱ्या ओलाव्यात दोन वेगळे धातू चिकटून राहिले की तिथेही पांढरी पूड धरते. जोर लावला तर नट सुटण्याऐवजी स्टड मोडतो, आणि मोडलेला स्टड हेडमधून काढणं हे पूर्ण सायलेन्सर बदलण्यापेक्षा मोठं काम आहे.

आधी स्प्रेबद्दल. वायर ब्रशने स्टडचे उघडे आटे साफ केले, सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा मारला, मधे हातोडीचे हलके ठोके दिले. ठोक्यांनी गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. स्प्रे चांगला आहे, बिजागऱ्यांसाठी घरात ठेवतो त्यापेक्षा नक्कीच खोल जातो. पण इतक्या वर्षांच्या भाजलेल्या गंजापुढे एकट्याने काही करू शकला नाही. नट तसूभर हलला नाही.

खरं काम टॉर्चने केलं. तिच्या आधीची तयारी मात्र टाळू नका. या इंजिनात पेट्रोलची टाकी सायलेन्सरला खेटूनच असते. टाकी रिकामी करून, काढून दूर ठेवली. मारलेला स्प्रे पुसून पूर्ण उडू दिला. काम उघड्यावर, शेजारी वाळूची बादली. ज्योत फक्त नटावर धरायची. नट फुगतो, स्टड तुलनेने थंड राहतो आणि गंजाची पकड तुटते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि वितळण्याआधी रंग बदलून इशारा देत नाही, त्यामुळे हेडवर ज्योत रेंगाळू द्यायची नाही. ज्योत बाजूला ठेवली आणि तापलेल्या नटाला मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. मग सहा कोनी सॉकेट घालून आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं, पुन्हा आवळायचं. पहिला नट करकरत निघाला. तो आवाज ऐकून मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही. बारा कोनी सॉकेट अशा कामाला वापरूच नका, झिजलेले कोन तो पार गोल करतो.

दुसऱ्याचे कोन आधीच गेले होते. तो हॅकसॉने उभा कापत आट्यांच्या अगदी जवळ आणला आणि छिन्नीच्या एका ठोक्याने फोडला. नट काही रुपयांचा, स्टड वाचला.

सायलेन्सर बाजूने रबरी हातोडीने ठोकून निघाला. त्याआधी इंजिन चालू करायची दोरी ओढून, आतली हवा दाबली जाऊन ती जड लागते तिथे इंजिन थांबवलं होतं. तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, गंजाचे कण आत पडत नाहीत.

आता पेस्ट. जॉइंटमध्ये नवं गॅस्केट (धूर अडवणारी चकती), नवे नट आणि स्टडवर पेस्टचा पातळ हात. इथे साधं ग्रीस चालत नाही, लिथियम ग्रीस २०० अंशांच्या आसपास पातळ होऊन गळून जातं. पेस्टमधलंही ग्रीस जळतंच, पण तांब्याची पूड आट्यांमध्ये उरते आणि लोखंडाला लोखंड भिडू देत नाही. आटे बुळबुळीत असल्यामुळे नट नेहमीपेक्षा कमी जोरात आवळायचे.

जुलै-ऑगस्टमध्ये पंप भरपूर चालला, भिजलाही. दिवाळीनंतर खोलला तेव्हा सायलेन्सरच्या पत्र्यावर तांबूस गंज धरायला लागला होता, नव्या नटांची बाहेरची बाजूही काळवंडली होती. पण पाना लावला आणि दोन्ही नट मनगटाच्या जोरावर फिरले. आटे कोरडे, तांब्याच्या पुडीने तांबूस, स्वच्छ. सायलेन्सरवरच्या जाळीच्या कवचाच्या छोट्या स्क्रूंना पेस्ट लावली नव्हती, त्यातला एक आताच धरायला लागला आहे. तो काढून त्यालाही लावली.

डबा छोटाच घ्या, एका इंजिनाला बोटाच्या पेराएवढीही पेस्ट लागत नाही. आणि पंप ठेवून देताना दोरी जड लागेपर्यंत ओढून तिथेच सोडा, म्हणजे व्हॉल्व्ह बंद राहून सायलेन्सरच्या वाटेने ओली हवा सिलिंडरमध्ये जात नाही.