ताईच्या लग्नाचे फोटो आणि डीडीरेस्क्यू

ताईच्या लग्नाचे फोटो असलेली 500 जीबीची डिस्क कॉपी करताना मध्येच अडकायला लागली, दुकानवाल्याने उघडून बघायच्या आधीच पंधरा हजार सांगितले, म्हटलं राहू दे बाबा, आणि लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यू (बिघडत्या डिस्कवरून डेटा काढणारं सॉफ्टवेअर) टाकलं. फुकट आहे. उबुंटूत पॅकेजचं नाव मात्र जीडीडीरेस्क्यू, ते शोधण्यातच दहा मिनिटं गेली.

खरी गंमत मॅपफाइलची. साधं डीडी (लिनक्सची नेहमीची कॉपी कमांड) खराब सेक्टर, म्हणजे डिस्कचा न वाचता येणारा तुकडा, आला की तिथंच मान टाकतं, हे तो भाग सोडून पुढे पळतं, चांगला डेटा आधी उचलतं आणि काय राहिलं ते मॅपफाइलीत लिहून ठेवतं. रात्री लाइट गेली, सकाळी तीच कमांड परत दिली तर जिथं थांबलं होतं तिथूनच सुरू! पहिल्या फेरीला मायनस एन (अवघड भाग खरवडत बसू नको), मग मायनस डी मायनस आर 3 (डिस्क थेट वाच, राहिलेल्यावर तीनदा प्रयत्न कर). थोडंसं राहिलंच, पण म्हाताऱ्या डिस्कला आणखी छळलं नाही.

फाइल सिस्टिम (कुठली फाइल कुठे आहे त्याची नोंद) फुटलेली, म्हणून डीडीरेस्क्यूने काढलेल्या इमेजवर, म्हणजे डिस्कची प्रत असलेल्या फाइलवर, फोटोरेक हे फाइली हुडकणारं सॉफ्टवेअर चालवलं. फोटो आले पण नावं गेली, सगळीकडे एफ आणि पुढे लांबलचक आकडे, हळदीच्या फोटोशेजारी वीजबिलाचा स्कॅन, अजून निवडतेय.

एक सांगते, इमेजऐवजी थेट दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं तर मायनस एफ द्यावं लागतं, तेव्हा सोर्स-डेस्टिनेशन उलटं झालं तर संपलंच, एलएसबीएलके (जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी कमांड) तीनदा बघा. आणि डिस्क टकटक वाजत असेल तर ह्या फंदात पडूच नका, सरळ बंद करा.