माळ्यावरचा व्हॉल्व्ह रेडिओ: सिरीज बल्ब, डिमरस्टॅट की आधी कंडेन्सर?

आजोबांचा व्हॉल्व्ह रेडिओ माळ्यावरून काढला असेल किंवा रविवारी जुन्या बाजारातून ॲम्प्लिफायर उचलून आणला असेल, तर ‘लागतो का बघू’ म्हणून थेट प्लग लावू नका. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधला, इन्सुलेशनचं काम करणारा ऑक्साइडचा थर झिजलेला असतो. एकदम पूर्ण व्होल्टेज मिळालं की तो शॉर्ट होऊ शकतो आणि सोबत रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) व्हॉल्व्ह नि मेन ट्रान्सफॉर्मरही जातो. कंडेन्सर पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळेल. त्या मापाचा ट्रान्सफॉर्मर मिळणं कठीण.

सिरीज बोर्ड सगळ्यात स्वस्त. फेजच्या वायरमध्ये तारेचा साधा बल्ब जोडायचा: रेडिओला ६० वॅटचा, मोठ्या ॲम्पला १०० वॅटचा. एलईडी इथे कामाचा नाही. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लख्खच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. घरी हे एवढं तरी हवंच.

डिमरस्टॅट, म्हणजे नॉबने व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर, महाग, आणि त्याच्यावर लोकांचा गरजेपेक्षा जास्त भरवसा आहे. व्होल्टेज हळूहळू चढवून कंडेन्सरमधला थर पुन्हा तयार होतो हे खरं, पण रेक्टिफायर डायोडचा असेल तर. ईझेड८० सारखा रेक्टिफायर व्हॉल्व्ह असेल, तर त्याचा कॅथोड पुरेसा तापेपर्यंत पुढे डीसी जातच नाही. तुम्ही तासभर नॉब फिरवत बसता, कंडेन्सर कोराच राहतो, आणि मग व्होल्टेज एका झटक्यात येतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी कंडेन्सर बदला, मग सिरीज बोर्डवर लावा. विशेषतः आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचा मेणकागदी कपलिंग कंडेन्सर, जो आवाजाचा सिग्नल पुढे देतो पण डीसी अडवतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत हे हमखास गळके होतात, आणि ही गळती बल्बला कळतच नाही. आउटपुट व्हॉल्व्ह ईएल८४ असेल तर तो व्हॉल्व्ह काढून सॉकेटच्या २ नंबरच्या पिनवर (ग्रिडवर) मीटर लावा. तिथे चॅसीच्या (आतल्या धातूच्या सांगाड्याच्या) तुलनेत शून्य हवं. थोडेसे प्लस व्होल्ट दिसले तरी कंडेन्सर गेला समजा. तसंच चालवलं तर व्हॉल्व्हची प्लेट लाल होते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. फिल्टरचा नवा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर ४५० व्होल्टचा घ्या, पण मायक्रोफॅरड मूळच्यापेक्षा फार वाढवू नका. रेक्टिफायरवर ताण येतो. मूळपणा जपायचा असेल तर जुने कंडेन्सर जागेवरच ठेवा, फक्त त्यांची जोडणी सोडवा.

सोल्डरिंगचा हात नसेल तर सेट व्हॉल्व्हवाल्या मेकॅनिककडेच द्या. आत २५० ते ३५० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये टिकून राहतो. सेट एसी/डीसी प्रकारचा, म्हणजे नावाची सुरुवात यूसीएच, यूएल अशी असलेल्या व्हॉल्व्हचा असेल, तर चॅसीच थेट मेनला जोडलेली असते. त्यावर काम करताना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटला मेनपासून वेगळा करणारा) लागतोच; डिमरस्टॅट किंवा सिरीज बल्ब त्याची जागा घेऊ शकत नाही.