ज्वालामुखीवर वापरलेला गॅस मास्क : दहा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या वर्षी जून महिन्यात मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीजवळील एका दुकानातून नाक आणि तोंड झाकणारा रबरी गॅस मास्क घेतला. मास्क १,८५० रुपयांना आणि त्याला जोडायच्या, विषारी वायू शोषून घेणाऱ्या डब्यांची, म्हणजे कार्ट्रिजची, जोडी १,४०० रुपयांना पडली. त्यानंतरच्या दहा महिन्यांत इंडोनेशियातील कावा इजेन व ब्रोमो आणि इटलीतील एटना व स्ट्रॉम्बोली या चार ज्वालामुखींवर तो माझ्याबरोबर होता. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण कार्ट्रिज कोणती आहे आणि मास्क चेहऱ्यावर कसा बसतो, या दोन गोष्टींपुढे या वस्तूत कंपनी गौण ठरते, असे माझे मत झाले आहे.

कार्ट्रिज निवडतानाच माझी पहिली चूक होता होता राहिली. दुकानदाराने “साहेब, कुठल्या प्लांटला आहात?” असे विचारून तपकिरी पट्ट्याची जोडी पुढे केली आणि रंगकामवाले हीच नेतात, असे सांगितले. तपकिरी पट्टा थिनरसारख्या सेंद्रिय वाफांसाठी असतो. ज्वालामुखीवर मुख्य त्रास सल्फर डायऑक्साइडचा असतो आणि युरोपीय मानकात त्यासाठी पिवळा पट्टा असतो; हायड्रोजन सल्फाइडसाठी करडा. म्हणून ए (सेंद्रिय वाफा), बी (हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू), ई (सल्फर डायऑक्साइड) आणि के (अमोनिया) हे चारही प्रकार एकत्र असलेली आणि वर धुळीसाठी पांढऱ्या पट्ट्याचा फिल्टर जोडलेली कार्ट्रिज मी मागवून घेतली. करोनाच्या काळातील एन-९५ मास्क घरात पडून आहेत, तेच का चालणार नाहीत, असे दोन मित्रांनी विचारले. ते राख अडवतात, पण वायू त्यांतून सरळ आत येतो.

निघण्यापूर्वी सरावासाठी मी हा मास्क लावून आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढलो. कार्ट्रिजमधून श्वास ओढायला जोर लागतो, त्यामुळे एरवी एका दमात होणाऱ्या टप्प्यांवर मला तीनतीनदा थांबावे लागले. वाटेत दही विकणाऱ्या मावशींनी काळजीने विचारले, “दादा, गडावर काय औषध मारलंय का?” हसू आले खरे, पण मास्कसह आपला वेग किती कमी होतो, हे त्या दिवशी कळले. हा सराव कुणीही टाळू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

इजेनला आम्ही ऑगस्टमध्ये गेलो. चढाई जेथून सुरू होते त्या पाल्तुडिंगपासून विवराच्या काठापर्यंतची वाट सुमारे तीन किलोमीटरची आहे आणि सिंहगडाची सवय असलेल्या माणसाला ती जड जात नाही. खरी परीक्षा काठावरून आत उतरताना सुरू होते. विवराच्या तळाशी जगातील सर्वांत मोठ्या अतिआम्लधर्मी सरोवरांपैकी एक आहे, आणि त्याच्या काठाशी भेगांतून बाहेर पडणारे गंधकयुक्त वायू हवेच्या संपर्कात पेटल्यामुळे रात्री निळ्या ज्वाळा दिसतात. त्या पाहत असताना वारा फिरला आणि पांढरा धूर आमच्यावर आला. मास्क लावलेला असूनही माझा घसा जळू लागला आणि खोकल्याची उबळ थांबेना. मी मनातल्या मनात भोसरीच्या दुकानदाराला लाखोली वाहिली. वर आल्यावर आमच्या वाटाड्याने, जो पूर्वी तेथेच गंधक काढत असे, माझ्या हनुवटीकडे बोट दाखवून वस्तरा फिरवल्याची खूण केली. दोष माझ्या चार महिन्यांच्या दाढीचा होता. केसांमुळे रबराची कड त्वचेला चिकटत नव्हती आणि वायू कडेने आत शिरत होता. दुसऱ्या दिवशी जवळच्या बान्युवांगी गावात दाढी काढली, रात्री पुन्हा चढलो, आणि त्याच धुरात त्याच मास्कने मला एकदाही खोकू दिले नाही. तेव्हापासून मास्क लावला की तळव्यांनी कार्ट्रिज झाकून श्वास आत ओढायचा आणि रबर चेहऱ्याला ओढून धरते का, हे तपासायचे, ही सवय मी लावून घेतली आहे.

मात्र डोळे उघडेच राहतात, ही या मास्कची सर्वांत मोठी उणीव आहे. त्या धुरात डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागतात आणि पायाखालचा दगड दिसत नाही. दुसऱ्या रात्री मी मुलीचा पोहण्याचा चष्मा नेला होता, त्याने काम भागले. पुन्हा घ्यायचा झाला तर संपूर्ण चेहरा झाकणारा मास्क घेईन, किंमत बरीच अधिक असली तरी. खाणकामगार याच धुरातून बांबूच्या जोडटोपल्यांत ७० ते ९० किलो गंधक घेऊन वर चढतात आणि त्यांतील काहींच्या तोंडाशी केवळ ओले फडके असते. त्यांच्यासमोर कार्ट्रिजचे गुणदोष तपासत बसणे मला संकोचाचे वाटले, हेही येथे नोंदवतो.

मास्कमुळे मिळणाऱ्या धीराबद्दलही सांगितले पाहिजे. तो प्राणवायू देत नाही. खोलगट जागी साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपुढे त्याचा काहीही उपयोग नाही, आणि त्या वायूला रंगही नसतो, वासही नसतो. न्यूझीलंडमधील व्हाकारी या ज्वालामुखी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी अचानक झालेल्या उद्रेकात २२ जणांचा मृत्यू झाला; तेथे माणसे तापलेल्या वाफेने आणि राखेने भाजली होती. मी स्वतः इजेनला दुसऱ्या रात्री मास्क नीट बसला म्हणून ज्वाळांजवळ अर्धा तास अधिक थांबलो. आज मागे वळून पाहता तो शहाणपणा नव्हता.

उरलेल्या तीन ठिकाणी मास्कला फारसे काम पडले नाही. ब्रोमोच्या वाळूच्या मैदानात घोडे आणि जीप यांच्या धुळीपुरता तो उपयोगी पडला. विवराच्या काठावरील गणपतीपुढे हात जोडताना मात्र मी तो काढला. स्ट्रॉम्बोलीवर २०१९ च्या उद्रेकात एका गिर्यारोहकाचा मृत्यू झाल्यानंतर शिखरावर जाण्यावर निर्बंध आले, त्यामुळे आम्ही वाटाड्यासह ४०० मीटरपर्यंतच चढलो आणि तेथे मास्कपेक्षा हेल्मेट महत्त्वाचे होते. एटनावर कस लागला तो बुटांचा. आपला सह्याद्रीचा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षे ऊनपावसात झिजलेला आहे. एटनाचा नवा लाव्हा काचेसारखा धारदार असतो, आणि तेथील काळ्या घसाऱ्यावरून उतरताना पुण्यात घेतलेल्या माझ्या बुटांच्या सोलच्या कडा एका दिवसात कुरतडल्यासारख्या झाल्या.

दहा महिन्यांनंतर रबर अजून मऊ आहे. डोक्यामागचा पट्टा सैल झाला होता, तो भोसरीच्याच दुकानात १६० रुपयांत बदलून मिळाला. गळ्यातील चांदीची साखळी इजेनला काळी पडली आणि पाठपिशवीची चेन गंजून अडकू लागली, त्यामुळे धातूच्या वस्तू काठावर नेताना विचार करावा. कार्ट्रिज एकदा उघडली की हवेतील ओल शोषून निकामी होत जाते. मी ती घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवत असूनही इटलीहून परतल्यावर जुनी जोडी टाकून दिली. नवी जोडी सीलबंद आहे आणि तिच्यावरील मुदत मी कपाटाच्या दारावर पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.