दाढीचा साबण घरी करायचाय, तर सोप बेस आणू की पोटॅश?

दोन्ही करून झालंय माझं. आधी जवळपास वर्षभर सोप बेस (विटेसारखा मिळणारा तयार साबण) वितळवून, आणि आता अडीचेक वर्षं स्टिअरिक अ‍ॅसिड (मेणासारखं घट्ट फॅटी अ‍ॅसिड), खोबरेल आणि कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, कातडी भाजणारं जहाल अल्कली) घेऊन पार पहिल्यापासून. ब्रश आणि सेफ्टी रेझर तुमच्याकडे आहे, डब्यातल्या फोमवर परत जायचं नाहीये आणि आता साबण पण घरीच करावा का असं मनात घोळतंय, अशांसाठी लिहितोय.

सोप बेसची बाजू आधी सांगतो कारण ती खरंच चांगली आहे. वीट आणायची, दीडशे ग्रॅम कापायची, पाण्यावर ठेवलेल्या पातेल्यात वितळवायची, चमचाभर ग्लिसरीन, थोडी बेंटोनाइट माती (ती आधी ग्लिसरीनमध्ये कालवून घ्या नाहीतर गुठळ्या होतात), चंदनाचं तेल दोन-चार थेंब, आणि वाटीत ओतायचं. दोन तासांत साबण तयार. कॉस्टिकला हात लावायचा प्रश्नच नाही कारण ती सगळी रासायनिक क्रिया कारखान्यात आधीच झालेली असते. घरात लहान मूल असेल, किचनचा ओटा एकच असेल, तर हा मुद्दा छोटा नाही.

वासही बेसमध्ये जास्त खुलतो असं मला वाटतं. दिसायलाही छान, पारदर्शक. भेट द्यायला वगैरे उत्तम.

पण.

फेस गालावर मरतो. वाटीत बघाल तर ढीगभर फेस, ब्रश फिरवला की दहा सेकंदात उभा राहतो, मोठे मोठे बुडबुडे, बघून बरं वाटतं. मी उजव्या गालापासून सुरू करतो, मग डावा, मग गळा, आणि हनुवटी आणि ओठाच्या वरचा भाग शेवटी, कारण तिथले केस राठ असतात आणि त्यांना भिजायला वेळ द्यावा लागतो. तर शेवटी हनुवटीवर येईपर्यंत तिथे फेस नसायचाच, नुसता पांढरा सुकलेला पापुद्रा. ब्लेड घसरायच्या ऐवजी ओढायचं. परत ब्रश फिरवायचा, परत दोन मिनिटांत तेच. रोज सकाळी. दाढीचा साबण नेमका तिथेच उपयोगी पडला पाहिजे जिथे केस सगळ्यात कडक आहेत आणि तिथेच हा साथ सोडायचा, याचा मला खरंच त्रास झाला, नंतर आग व्हायची ती वेगळीच.

माती वाढवून बघितली, ग्लिसरीन वाढवून बघितलं. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो इतकं जड, म्हणून मग आरओचं पाणी मगात घेऊन पण करून बघितलं. त्याने फरक पडला हे कबूल करतो. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं आणि त्याचा न विरघळणारा साका होतो, म्हणजे ब्रशवरचा बराचसा साबण फेस व्हायच्या आधीच वाया जातो. तुमचं पाणी गोड असेल तर तुम्हाला बेसचा इतका राग कदाचित येणारही नाही. पण माझ्याकडे आरओच्या पाण्यातही फेस जेमतेम एक-दीड मिनिट जास्त टिकला, तेवढंच.

कारण साधं आहे. बहुतेक बेस अंघोळीच्या साबणाच्या हिशोबाने बनवलेले असतात. खोबरेलातल्या लॉरिक अ‍ॅसिडचा साबण झटकन मोठा फेस देतो आणि झटकन मोडतो. स्टिअरिकचा साबण उलट, फेस यायला वेळ घेतो पण आला की साईसारखा दाट, बारीक बुडबुड्यांचा, आणि बसून राहतो. आता नुसत्या कॉस्टिक सोड्याने (सोडियम हायड्रॉक्साइड, खायचा सोडा नव्हे) स्टिअरिकचा साबण केला तर तो दगडासारखा होतो, ब्रशला लागतच नाही. म्हणून पोटॅश. पोटॅशचा साबण मऊ असतो आणि पाण्यात पटकन विरघळतो. थोडा सोडा घातला की वडी धरते. अंघोळीच्या साबणात स्टिअरिक बेताचंच असतं, दाढीच्या साबणात निम्म्याहून जास्त लागतं, आणि एवढं बेसमध्ये वरून घालायला गेलात तर ते साबण होत नाही, नुसतं मेण म्हणून राहतं आणि फेस आणखी बसतो. मी हेही करून बघितलंय.

माझा घाणा सांगतो. स्टिअरिक १०० ग्रॅम, खोबरेल ५० ग्रॅम, कॉस्टिक पोटॅश २४ ग्रॅम (९० टक्के शुद्धतेचं, ८५ टक्क्यांचं मिळालं तर साडेपंचवीस), कॉस्टिक सोडा साडेसहा ग्रॅम, पाणी ७५ ग्रॅम, आणि शेवटी ग्लिसरीन १५ ते २० ग्रॅम. यात साधारण पाच टक्के तेल मोकळं राहतं, कातडीला बरं. ग्लिसरीन वरून घालावं लागतं कारण तेलाचा साबण होताना ग्लिसरीन आपोआप सुटतं, पण स्टिअरिक हे मोकळं अ‍ॅसिड आहे, त्यातून ते मिळत नाही. स्टिअरिक मेणबत्तीचं सामान मिळतं तिथे मिळतं. पोटॅश मात्र केमिकलच्या दुकानातच, मुंबईत असाल तर प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला विचारा, आणि पाकिटावरची शुद्धता वाचून घ्या.

पद्धत म्हणाल तर स्टिअरिक आणि खोबरेल स्टीलच्या पातेल्यात पाण्यावर वितळवा, सत्तर-पंचाहत्तर डिग्रीवर ठेवा. पोटॅश आणि सोडा पाण्यात घालायचा, पाणी त्यांच्यावर कधीच नाही, उसळतं. चष्मा आणि हातमोजे घालूनच, खिडकी उघडी. हे पाणी तेलात ओतलं की मिश्रण लगेच आळतं, अगदी मोदकाची उकड काढतो तसं, आणि पहिल्यांदा करणारा इथेच घाबरतो की बिघडलं. बिघडलेलं नसतं. स्टिअरिक लगेच धरतं म्हणून तसं होतं, आणि म्हणूनच हा साबण थंड पद्धतीने, म्हणजे न शिजवता, नीट होत नाही. हँड ब्लेंडर नको, जाड उलथनं घ्या. झाकण ठेवून तासभर शिजू द्या, अधूनमधून हलवा, व्हॅसलीनसारखं तुकतुकीत दिसायला लागलं की थोडंसं पाण्यात विरघळवून जिभेच्या टोकाला लावून बघायचं. झिणझिण्या आल्या तर अजून शिजवा.

एक गोष्ट मनापासून सांगतो. माझ्या बाबांची दाढीची जुनी जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, वाटी आहे, मला साबण त्यातच ओतायचा होता. नका ओतू. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला खातं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. पूर्ण शिजलेला साबण सुद्धा अल्कलीच असतो, ओला राहून वाटी काळी पडते. मी स्टीलची छोटी वाटी घेतली, बाबांची वाटी आरशाशेजारी तुरटी ठेवायला वापरतो.

आता याच्या अडचणी. दीड-दोन तास जातात, उठून जाता येत नाही. पातेलं, उलथनं स्वयंपाकापासून कायमचं वेगळं ठेवावं लागतं. दुसऱ्या दिवशी वापरता येतो पण दोन आठवडे थांबलात तर जास्त चांगला, थोडा सुकतो. दिसायला मळकट पांढरा, बेससारखा देखणा नाही. आणि ब्रशवर घ्यायला तीसेक सेकंद नीट घासावं लागतं, पाणी थेंबाथेंबाने वाढवत, सुरुवातीला फेस येतच नाहीये असं वाटतं.

पावसाळ्याचं म्हणाल तर कोकणातल्या माझ्या मेव्हण्याला दोन्ही दिले होते. बेसच्या वडीवर घामासारखे थेंब जमायचे, ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं म्हणून. माझा साबणही मऊ पडतो तिकडे, पण वाटीत असल्यामुळे चालून जातं.

पण फेस! हनुवटीवर पोचतो तेव्हा तो लावला तसाच ओला असतो. त्याच बोअरच्या पाण्यात. थोडा साका याचाही होतोच, पण ब्रशवर साबणच इतका असतो की जाणवत नाही. दुसरा हात मारायला वाटीत फेस शिल्लक असतो, आणि तुरटी फिरवली की पूर्वीसारखं चुरचुरत नाही. मोजमाप काही केलेलं नाही मी, माझ्या गालाचा अनुभव आहे.

तर वर्षातून एकदा हौस म्हणून, किंवा कुणाला द्यायला करणार असाल, किंवा घरात रांगतं मूल असेल, तर बेस आणा आणि मगात आरओचं पाणी घ्या, बऱ्यापैकी जमेल. रोज दाढी करत असाल आणि केस राठ असतील तर मी पोटॅशच आणा म्हणेन. पहिल्या घाण्यात वास घालू नका, आधी फेस कळू दे. आणि वजनकाटा ०.१ ग्रॅम दाखवणारा घ्या, किचनमधला चालत नाही, साडेसहा ग्रॅम सोडा त्यावर नीट मोजला जात नाही.